शहर कुणाच्या नावावर? : ‘माइन ऑल माइन’ची फसलेली गंमत

ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर २००४च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ‘माइन ऑल माइन’ ही पाच भागांची विनोदी मालिका आली, प्रेक्षकांना फारशी रुचली नाही आणि तेवढ्यावरच संपली. लेखक रसेल टी. डेव्हिस. ‘क्विअर ॲज फोक’ (१९९९), ‘बॉब अँड रोझ’ (२००१) या त्यांच्या गाजलेल्या मालिका मँचेस्टरमध्ये घडतात. इथे मात्र ते आपल्या जन्मगावी, वेल्समधल्या स्वान्सीला आले.

कथाबीज झकास आहे. सबंध स्वान्सी शहर कायद्याने आपल्याच मालकीचं आहे, असं व्हिवाल्डी कुटुंबाच्या ध्यानात येतं. कुटुंबप्रमुख मॅक्सच्या भूमिकेत ग्रिफ ऱ्हिस जोन्स. या कल्पनेचं मूळ एका जुन्या वेल्श आख्यायिकेत सापडतं. रॉबर्ट एडवर्ड्स नावाच्या दर्यावर्दीची मॅनहॅटनमधली ७७ एकर जमीन ९९ वर्षांच्या पट्ट्याने दिली गेली आणि ती वारसांकडे कधी परतलीच नाही, अशी ती कथा. तिच्या आधारे पिढ्यान्‌पिढ्या दावे झाले. एकही टिकला नाही.

असं स्वप्न वेल्समध्येच का रुजावं? जमिनीखालचं धन इथलं आणि नफा परक्याच्या तिजोरीत, हा या प्रदेशाचा जुना अनुभव. एकोणिसाव्या शतकात तांबं गाळण्यात स्वान्सीचा जगात दबदबा होता. फेब्रुवारी १९४१मध्ये लागोपाठ तीन रात्रींच्या बाँबहल्ल्यांत शहराचा मध्यभाग बेचिराख झाला. १९९७च्या सार्वमतात स्वान्सीने वेल्सच्या स्वतंत्र विधिमंडळाला ५२ टक्के कौल दिला, कार्डिफने नकार दिला. तरी विधिमंडळ गेलं कार्डिफलाच. अशा शहरात ‘हे सगळं माझं’ म्हणणारा माणूस केवळ विदूषक उरत नाही. त्याच्या बोलण्यात गावाची सल असते.

मालिका या सलीपर्यंत पोचत नाही. तिचा भर घबाडावर आणि त्यापायी घरात उडणाऱ्या धांदलीवर राहतो. सातबाऱ्यावर नाव लागलं की शेजारी एका रात्रीत कूळ होतो. मग पाववाल्याशी, शाळेतल्या बाईंशी, जुन्या मित्राशी बोलायचं कसं? विनोदाची खरी खाण इथे होती. इंग्लंडच्या प्रेक्षकाला वेल्श घर परकं वाटलं असेल, हे स्पष्टीकरण सोपं आहे, पण पटत नाही. कारण २००७मध्ये ‘गॅव्हिन अँड स्टेसी’ने बॅरी गावातलं साधं घर साऱ्या ब्रिटनच्या गळी उतरवलं. त्यातली स्टेसी झालेली जोआना पेज ‘माइन ऑल माइन’मध्ये व्हिवाल्डींची मुलगी होती. बॅरीच्या त्या घरात कुणाच्या हाती वारसाहक्काचे कागद नव्हते. जेवणाची वेळ, फोनवरची चौकशी, कोण कुणाकडे राहायला जाणार, एवढ्यावर गोष्ट उभी राहिली.

तेव्हा ‘माइन ऑल माइन’ फार स्थानिक होती म्हणून पडली नाही. ती पुरेशी स्थानिक झाली नाही. पुढच्याच वर्षी डेव्हिस यांनी ‘डॉक्टर हू’ला नवा जन्म दिला. तिची निर्मिती झाली बीबीसी वेल्सच्या कार्डिफमध्ये. स्वान्सीच्या वाट्याला याही वेळी पाचच भाग आले.