सूर्यदाहानंतरची भैरवी

प्रलयकाळी सूर्यच सृष्टी जाळील, ही कल्पना पुराणश्रवण करणाऱ्या आमच्या वाचकांस नवी नाही. खगोलशास्त्रही निराळ्या वाटेने तेथेच पोहोचते. सूर्याचे तेज हळूहळू वाढत आहे. सुमारे १ अब्ज वर्षांनी समुद्र आटतील, आणि सुमारे ५ अब्ज वर्षांनी फुगलेला सूर्य पृथ्वीस भाजून काढील, कदाचित गिळूनही टाकील. शिरगावच्या जत्रेत लईराईचे धोंड निखाऱ्यांतून पार होतात. त्या अग्नीतून मात्र तिची बहीण मानल्या गेलेल्या मयेच्या महामायेच्या देवळाचा एक चिराही पार होणार नाही.

मग मागे काय उरेल? १९७७ साली अमेरिकेने सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तांब्याची तबकडी आहे. दोन्ही याने आता सूर्याच्या प्रभावकक्षेबाहेर गेली असून, पृथ्वी नष्ट झाल्यावरही त्या तबकड्या टिकाव्यात, अशी शास्त्रज्ञांची अपेक्षा आहे. कार्ल सेगन यांच्या मंडळाने तीत ५५ भाषांतील अभिवादने आणि सुमारे ९० मिनिटांचे संगीत भरले. त्यात भारतीय संगीताचा नमुना एकच: केसरबाई केरकरांची ‘जात कहां हो’ ही भैरवी.

केसरबाई फोंडा महालातील केरीच्या. देवळांच्या आश्रयाने वाढलेल्या कलावंत समाजातील. मयेहून जवळच असलेल्या लामगावी त्यांस रामकृष्णबुवा वझ्यांची तालीम मिळाली. १९२१ पासून त्या अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या झाल्या. व्हॉयेजरचे दुसरे उड्डाण ५ सप्टेंबर १९७७ रोजी झाले, आणि १६ सप्टेंबरला बाई निवर्तल्या.

ही निवड कशी झाली आहे? गायिकेच्या बाबतीत ती निर्दोष आहे, असे आम्ही निःशंकपणे म्हणतो. खुला, भरदार आकार आणि सुराची अढळ बैठक या गुणांची साक्ष साडेतीन मिनिटांतही पटते. परंतु जयपूर घराण्याच्या गायकीचे खरे वैभव दीर्घ दमसासात, लयीच्या अंगाने उलगडत जाणाऱ्या तानांत आणि सावकाश उभारल्या जाणाऱ्या रागात आहे. त्यास अवधी लागतो, आणि तो या तबकडीत नाही. ध्वनिमुद्रणाविषयी बाई स्वतः उदासीन असत, त्याचे मर्मही यातच असावे.

याहून मोठी उणीव निराळी आहे. भैरवी ही मैफलीच्या अखेरीस गावयाची. रात्रभर जागलेल्या श्रोत्यास तिच्या पहिल्या स्वरातच निरोप कळतो. आधीची मैफल वगळून एकटी भैरवी पाठविली, म्हणजे स्वर जातो, निरोप मागे राहतो. भाषेच्या बाबतीतही तेच. त्या ५५ भाषांत मराठी आहे, पोर्तुगीजही आहे. बाईंच्या गोमंतकाची कोंकणी मात्र नाही.

म्हणून तबकडीचा अभिमान बाळगताना आम्हांस एक चिंता वाटते. सूर्याने दिलेली मुदत फार मोठी आहे. ऐकणाऱ्या कानाची मुदत एका पिढीची. तो कान तांब्यावर कोरता येत नाही. गाणे देवळाच्या चौकात बसून ऐकल्यानेच तो घडत आला. आपल्या देवस्थानांच्या महाजनांनी उत्सवातील एक रात्र ख्यालगायनास राखावी, आणि मुलांस भैरवीपर्यंत बसू द्यावे. एवढे आमच्या हाती आहे.