पहिला आयफोन: काय नव्हतं आणि का नव्हतं?

या मालेत आपण एरवी ग्रंथांविषयी बोलतो, आज एका वस्तूविषयी बोलायचं आहे. विषय जाहीर झाल्यावर एकदोघांनी विचारलं, तत्त्वज्ञानाच्या माणसानं मोबाइल फोनवर काय बोलायचं? माझं म्हणणं असं, की पुस्तकाप्रमाणे वस्तूतही कुणाचे तरी निर्णय असतात. काय घालायचं, काय गाळायचं, वापरणाऱ्याला कितपत मोकळीक द्यायची. हे निर्णय वाचता येतात, आणि जे वाचता येतं त्याची समीक्षाही करता येते.

वस्तू आहे अ‍ॅपल कंपनीचा पहिला आयफोन. ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्ज यांनी तो दाखवला आणि २९ जूनपासून तो अमेरिकेत विकायला आला. ४ जीबीचा फोन ४९९ डॉलरला, ८ जीबीचा ५९९ डॉलरला, शिवाय एटी अँड टी या एकाच मोबाइल कंपनीशी दोन वर्षांचा करार. आपल्याकडे हा पहिला फोन अधिकृतपणे आलाच नाही. ऑगस्ट २००८ मध्ये आला तो त्याच्या पुढचा, आयफोन थ्रीजी. आणि टचस्क्रीनचा हा काही पहिलाच फोन नव्हे. आयबीएमचा सायमन १९९४ मध्येच बाजारात आला होता. मग आयफोनच का घ्यायचा? कारण आज तुमच्या-माझ्या खिशात जो फोन आहे, मग तो कुठल्याही कंपनीचा असो, त्याचा आराखडा बराचसा इथून आलेला आहे.

गुण आधी सांगतो, कारण ते खरे होते. त्याआधीचे बरेचसे टचस्क्रीन दाबावे लागत. नखानं किंवा बारीक काडीनं टोचायचं, मग तो कळवळून उत्तर देणार! (हशा) आयफोनच्या काचेला बोट नुसतं टेकलं तरी पुरे होतं. बोटातून वीज वाहू शकते, त्यामुळे काचेखालच्या विद्युतभारात फरक पडतो आणि बोट कुठं आहे ते फोनला कळतं. एकाच वेळी दोन बोटंही कळतात, म्हणून चिमटीनं चित्र लहान-मोठं करता आलं. यादी बोटानं ढकलली की ती सरकत जाऊन हळूहळू थांबे, आणि शेवटाला पोचली की रबरासारखी जराशी ताणली जाऊन मागे येई. खरी वस्तू हातात असल्याचा भास व्हावा, ही योजना त्यामागे होती आणि ती साधली. वापर फारसा शिकवावा लागला नाही. साडेतीन इंची पडद्यावर वेबपानं संगणकावर दिसतात तशी दिसू लागली, हेही मोठंच काम.

जॉब्ज यांचा युक्तिवादही लक्षात घेण्यासारखा आहे. ते म्हणत होते, की प्लॅस्टिकची बटणं एकदा बसवली की बसवली; तुमच्या कामाला ती हवीत की नकोत, ती तिथंच राहतात. काचेवर मात्र प्रत्येक कामाला त्याची त्याची बटणं काढता येतात. मराठी माणसाला हा मुद्दा लगेच पटावा. छापील बटणांवर आपल्या अक्षरांना जागा मिळण्याची मारामार. काचेवर कुठलीही लिपी उमटू शकते. त्या पहिल्या फोनवर देवनागरी कीबोर्ड नव्हता, पण त्याच्यासाठी जागा झाली होती.

आता दोष. त्या वेळच्या परीक्षकांची यादी अशी: थ्रीजी नाही, इंटरनेट मंद. कॉपी-पेस्ट नाही. कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा, त्याला फ्लॅश नाही, व्हिडिओ घेता येत नाही. संदेशाबरोबर फोटो पाठवता येत नाही. जीपीएस नाही. मेमरी कार्ड नाही. बॅटरी काढता येत नाही. बाहेरच्यांनी लिहिलेली अ‍ॅप्स घालता येत नाहीत.

बघा, सगळी यादी 'नाही'ची आहे. आणि 'नाही' हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न. न्याय-वैशेषिकांनी अभावाला स्वतंत्र पदार्थ मानलं आणि त्याचे चार प्रकार केले. मडकं घडण्यापूर्वी मडकं नसतं, तो प्रागभाव. मडकं घडलं की तो संपतो. मडकं फुटल्यावर नसतं, तो प्रध्वंसाभाव. याला आरंभ आहे, अंत नाही. वायूमध्ये रूप कधीच नसतं, तो अत्यंताभाव. आणि घट म्हणजे पट नव्हे, हा अन्योन्याभाव. परीक्षकांनी सगळे 'नाही' एका ओळीत मांडले. आपण ते वेगळे करून बघू.

पहिला ढीग प्रागभावाचा. हा मोठा आहे, पण त्यावर फार वेळ घालवायला नको. थ्रीजी आणि जीपीएस २००८ मध्ये आलं. जुलै २००८ मध्ये अ‍ॅप स्टोअर सुरू झालं. कॉपी-पेस्ट आणि व्हिडिओ २००९ मध्ये आले. ज्या उणिवांवर सर्वांत जास्त शाई खर्च झाली, त्या दोन-अडीच वर्षांत मिटल्या.

दुसरा ढीग प्रध्वंसाचा. काढता येणारी बॅटरी त्या काळी जवळजवळ प्रत्येक फोनला होती. आपल्याकडचा टॉर्चवाला नोकिया ११०० आठवा. मागचं झाकण सरकवलं, जुनी बॅटरी काढली, कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी आणून घातली, झालं. आयफोननं ते झाकणच नाहीसं केलं. हमीची मुदत संपल्यावर बॅटरी बदलायची, तर फोन कंपनीकडे पाठवायचा आणि ७९ डॉलर व वर टपालखर्च भरायचा. इथं तंत्र अपुरं पडलं नव्हतं, निर्णय घेतला गेला होता. बाकीच्या कंपन्यांनी आधी टीका केली आणि मागाहून तेच केलं.

तिसरा ढीग अत्यंताभावाचा, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या फोनला आपण 'टच' म्हणतो. पण गंमत अशी, की त्यात स्पर्शाला कळण्यासारखं काही नाही. बोट काचेला लागतं, पण बटण कुठं आहे हे बोटाला कळत नाही, डोळ्याला कळतं. जुन्या की-पॅडवर ५ या आकड्यावर बारीकसा उंचवटा असे. त्या खुणेवरून अंध माणूस नंबर लावत असे, आणि तरुण मुलं खिशात हात घालून संदेश लिहीत असत. आयफोननं बोटाकडून कृती करून घेतली, पण त्याचं ज्ञान काढून घेतलं. अंध माणसासाठी तर ती काच म्हणजे भिंतच होती. २००९ मध्ये थ्रीजीएस या फोनात व्हॉइसओव्हर आलं. बोटाखाली काय आहे ते फोन बोलून सांगू लागला आणि अनेक अंधांना पुढे हा फोन फार उपयोगी पडला. हे श्रेय दिलंच पाहिजे. पण नीट पाहा: स्पर्शाचं ज्ञान परत आलं नाही, त्याची जागा कानानं घेतली. काचेचा गुळगुळीतपणा आहे तसाच राहिला. आज मोटारीतसुद्धा बटणांऐवजी पडदे बसवतात आणि चालवणाऱ्याला रस्त्यावरची नजर काढून पडद्यावर न्यावी लागते. तो दोष याच जातीचा आहे.

राहिला अन्योन्याभाव. ज्या दिवशी आयफोन दाखवला, त्याच दिवशी 'अ‍ॅपल कॉम्प्युटर' या कंपनीनं आपल्या नावातून 'कॉम्प्युटर' हा शब्द काढला. खरं तर ती वस्तू संगणकच होती. पण तिला फोन म्हटलं की अपेक्षा बदलतात. संगणक घेतला की त्यात काय घालायचं ते मालक ठरवतो. हा फोन घेतला की ते कंपनी ठरवणार. ऑगस्ट २००७ मध्ये जॉर्ज हॉट्झ या तरुणानं एटी अँड टीचं कुलूप काढून दाखवलं. सप्टेंबरमध्ये कंपनीनं इशारा दिला, की असं कुलूप काढलेले फोन पुढच्या अपडेटनंतर कायमचे बंद पडू शकतात. अपडेट आलं आणि असे काही फोन खरोखरच निकामी झाले. पूर्ण किंमत मोजून घेतलेली वस्तू! कायद्याच्या भाषेत विक्री झाली होती, पण स्वामित्व पुरतं हस्तांतरित झालं नव्हतं.

आता एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो. "सर, फोन पातळ आणि सुरक्षित करायचा तर हे करणं भागच नव्हतं का?" प्रश्न रास्त आहे. झाकण नसल्यानं जागा वाचते, आणि तपासून घेतलेली अ‍ॅप्स बहुधा सुरक्षित असतात, हे मान्य. पण 'भाग होतं' आणि 'सोयीचं होतं' यांत फरक आहे. भाग असतं, तर दुसरा मार्ग दिसलाच नसता. युरोपीय संघानं २०२३ मध्ये नियम केला, की लहान उपकरणांतली बॅटरी काही अपवाद सोडता ग्राहकाला स्वतः बदलता आली पाहिजे. तो २०२७ पासून लागू व्हायचा आहे. मार्च २०२४ पासून तिथं आयफोनवर दुसऱ्या दुकानातून अ‍ॅप घेण्याची वाटही कंपनीला मोकळी करावी लागली. म्हणजे वाट होती. प्रध्वंसाला अंत नाही, असं नैयायिक म्हणतात ते बरोबरच आहे, फुटलेलं मडकं परत येत नाही. पण कुंभाराला दुसरं मडकं करायला सांगता येतं.

म्हणून निष्कर्ष थोडक्यात सांगतो. पहिला आयफोन ही असामान्य वस्तू होती. तिच्यात जे अजून आलेलं नव्हतं, त्यावर त्या वेळी भरपूर टीका झाली, आणि ते सगळं येऊन गेलं. जे मुद्दाम काढून घेतलं होतं, त्यातलं काही यादीत एका ओळीपुरतं आलं, काही आलंच नाही, आणि ते मात्र टिकून राहिलं. नवी वस्तू समोर आली की 'हिच्यात काय नाही' एवढंच विचारू नका. 'ते अजून आलेलं नाही, की आपल्याकडून घेतलेलं आहे?' हेही विचारा. पहिल्या प्रकारात थोडी वाट पाहिली तर चालतं. दुसऱ्या प्रकारात वाट पाहून काही होत नाही, मागावं लागतं.