सोनाटा

पाश्चात्त्य वाद्यसंगीतातील एक प्रमुख रचनाप्रकार. ‘वाजविणे’ या अर्थाच्या ‘सोनारे’ या इटालियन क्रियापदावरून ही संज्ञा आली असून, गाण्यासाठी रचलेल्या ‘कँटाटा’हून वेगळी, केवळ वाद्यांसाठी केलेली रचना, एवढाच तिचा मूळ अर्थ होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात एक वा दोन वाद्यांसाठी, बहुधा तीन किंवा चार विभागांत केलेली रचना, असा तिचा अर्थ स्थिरावला. तिच्या पहिल्या विभागाची जी विशिष्ट बांधणी असते, तिला ‘सोनाटा-बंध’ म्हणतात. हा बंध सिंफनी, तंतुवाद्यांचे चतुष्टय इ. प्रकारांतही आढळतो, उलट, मोट्सार्टच्या के. ३३१ या सुप्रसिद्ध पियानो-सोनाटाच्या एकाही विभागात तो नाही. त्यामुळे सोनाटा हा प्रकार आणि सोनाटा-बंध यांत फरक करणे आवश्यक ठरते.

व्हेनिसचा रचनाकार जोव्हान्नी गाब्रिएली याची १५९७ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘सोनाटा पियान ए फोर्ते’ ही, मृदू व जोरकस नादाच्या सूचना छापील स्वरलेखनात देणाऱ्या आरंभीच्या रचनांपैकी एक होय. सतराव्या शतकात चर्चमधील व दरबारी असे सोनाटाचे दोन उपप्रकार रूढ झाले. आर्कांजेलो कोरेल्ली (१६५३–१७१३) याच्या १७०० साली प्रसिद्ध झालेल्या बारा व्हायोलिन-सोनाटांत हे दोन्ही आढळतात. दोमेनीको स्कारलात्ती (१६८५–१७५७) याने हार्प्सिकॉर्डसाठी साडेपाचशेहून अधिक एकविभागी सोनाटा लिहिल्या. त्यांचे दोन भाग असून प्रत्येक भाग दोनदा वाजविण्याची खूण असते. या द्विखंडी रचनेतूनच पुढील सोनाटा-बंध मुख्यत्वे विकसित झाला. हायडन (१७३२–१८०९), मोट्सार्ट (१७५६–९१) व बेथोव्हन (१७७०–१८२७) यांनी त्याला परिणत रूप दिले.

सोनाटा-बंध : या बंधाचे प्रतिपादन, विस्तार व पुनर्प्रतिपादन असे तीन टप्पे मानले जातात, कित्येकदा आरंभी संथ प्रस्तावना व अखेरीस उपसंहार असतो. भारतीय संगीतात मैफलभर षड्ज अचल असतो व रागाचे सर्व स्वर त्याच्याशी नाते राखतात. सोनाटा-बंधाचे मर्म नेमके याच्या उलट, म्हणजे षड्जाच्या स्थलांतरात आहे. मेजर स्वरसप्तकातील रचनेत प्रतिपादनाचा पूर्वार्ध मूळ षड्जावर उभा राहतो. उत्तरार्धात बहुधा पंचमालाच नवा षड्ज केले जाते. विस्तारात हे आसन आणखी डळमळीत होते आणि पुनर्प्रतिपादनात आधी परक्या षड्जावर ऐकलेली सामग्री मूळ षड्जावर आणून हा तणाव मिटविला जातो. श्रोत्याला होणारा ‘घरी परतल्या’चा प्रत्यय हा या दीर्घ प्रवासाचा परिणाम असतो.

पाठ्यपुस्तकांतून मात्र या बंधाची ओळख वेगळ्या रीतीने करून दिली गेली. जर्मन सिद्धांतकार आ. बे. मार्क्स याने १८४५ मध्ये, म्हणजे बेथोव्हनच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी, सोनाटा-बंधाचे जे विवेचन केले, त्यात मुख्य विषय पुरुषी व दुय्यम विषय स्त्रीसुलभ, अशी दोन विषयांच्या विरोधाची कल्पना मांडली. ती दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. प्रत्यक्षात हायडनच्या अनेक रचनांत दुसरा विषय पहिल्याच स्वराकृतीतून निघतो. नवशिक्यांसाठी म्हणून लिहिलेल्या मोट्सार्टच्या के. ५४५ (१७८८) या सोनाटात पुनर्प्रतिपादन मूळ षड्जावर न होता मध्यमाच्या षड्जावर सुरू होते. बेथोव्हनच्या ‘वाल्डश्टाइन’ सोनाटात दुसरा विषय पंचमावर न येता शुद्ध गंधाराच्या षड्जावर येतो. साच्याचे निकष लावल्यास हे अपवाद ठरतात. षड्जाचे स्थलांतर व त्याची परतफेड या तत्त्वाच्या दृष्टीने ते त्याचेच विलास होत. विसाव्या शतकात डॉनल्ड टोव्ही, चार्ल्स रोझेन प्रभृती समीक्षकांनी हीच दृष्टी पुरस्कारिली.

वादनातील प्रश्न : बंधाविषयीच्या या दोन कल्पनांचा परिणाम वादनावर होतो. प्रतिपादनाच्या पुनरावृत्तीच्या प्रश्नात तो सर्वांत स्पष्ट दिसतो. बंध म्हणजे विषयांची मांडणी असे मानल्यास ते विषय एकदा ऐकविले की पुरे, असा निष्कर्ष निघतो. षड्जाचा प्रवास हेच मर्म मानल्यास मात्र, पहिले आसन व दुसरे आसन श्रोत्याच्या कानात किती खोल रुजले, यावर परतीचा परिणाम अवलंबून राहतो.

अठराव्या शतकात पुनरावृत्ती ही वादकाच्या कल्पकतेची जागा होती. कार्ल फिलिप एमान्युएल बाख (१७१४–८८) याने १७६० साली प्रसिद्ध केलेल्या सहा सोनाटांत पुनरावृत्तीचे अलंकृत रूप स्वतःच लिहून दिले. पुनरावृत्तीत बदल करणे ही त्या काळी वादकाकडून अपेक्षाच होती, असे त्यावरून दिसते. बेथोव्हनच्या काळी ही खूण रचनाकाराच्या निवडीचा भाग बनली. ‘आपासिओनाटा’ सोनाटाच्या पहिल्या विभागात त्याने प्रतिपादनाच्या पुनरावृत्तीची खूण दिली नाही; अखेरच्या विभागात मात्र प्रतिपादन एकदाच ठेवून पुढील भाग दोनदा वाजविण्याची स्पष्ट सूचना दिली. जो रचनाकार खूण इतक्या विचारपूर्वक गाळतो, त्याने जेथे ती दिली तेथे ती केवळ रूढी म्हणून दिली असावी, असे म्हणणे कठीण आहे.

पुढे पुनरावृत्ती गाळण्याची प्रथा बळावली. ध्वनिमुद्रणाच्या आरंभकाळी १२ इंची तबकडीच्या एका बाजूवर सु. ४ ते ५ मिनिटांचेच वादन मावत असल्याने तिला पाठबळ मिळाले. १९४८ मध्ये दीर्घवादी तबकडी आल्यावर ही अडचण बरीच दूर झाली, तरी वाद मिटला नाही. फ्रांट्‌स शूबर्ट (१७९७–१८२८) याने मृत्यूपूर्वी सु. दोन महिने पूर्ण केलेली बी-फ्लॅट मेजर सोनाटा (डी. ९६०) हे या वादाचे केंद्र होय. तिच्या पहिल्याच वाक्याअखेर खर्जात अत्यंत मंद असा स्वरकंप उमटतो. पुनरावृत्तीकडे नेण्यासाठी शूबर्टने नऊ मात्राखंड लिहिले असून, त्यांत हाच कंप प्रचंड जोराने प्रकटतो. पुनरावृत्ती गाळल्यास हे मात्राखंड कधीच ऐकू येत नाहीत. आल्फ्रेट ब्रेंडेल (१९३१–२०२५) याने हा उद्रेक उर्वरित विभागाशी विसंगत मानून पुनरावृत्ती नाकारली. स्व्यातोस्लाव्ह रिख्तर (१९१५–९७) व आंद्राश शिफ यांनी ती वाजविली. ब्रेंडेलच्या आक्षेपात सौंदर्यदृष्टी आहे. तथापि त्या नऊ मात्राखंडांनंतर तोच शांत आरंभ पुन्हा ऐकताना त्याच्या तळाशी दडलेले भय श्रोत्याला ठाऊक झालेले असते. ही जाणीव अन्य कोणत्याही मार्गाने येत नाही. म्हणून येथे पुनरावृत्ती बंधाचाच अवयव ठरते.

लय व वाद्य यांबाबतही असेच प्रश्न उद्‌भवतात. बेथोव्हनने आपल्या पियानो-सोनाटांपैकी केवळ ‘हामरक्लाव्हिअर’ (१८१८) या सोनाटासाठी मेट्रोनोमचे आकडे दिले. पहिल्या विभागासाठी मिनिटास १३८ अर्धस्वर ही त्याने दिलेली गती बहुतेक वादकांना असाध्य वाटते. आर्टुर श्नाबेल (१८८२–१९५१) याने ती गाठण्याचा प्रयत्न केला. ‘मूनलाइट’ सोनाटाच्या पहिल्या विभागात तारांवरील दाब उचललेलेच ठेवण्याची सूचना आहे. तत्कालीन पियानोचा नाद लवकर विरत असल्याने ती सहज पाळता येई. आधुनिक पियानोवर तिचे शब्दशः पालन केल्यास स्वर एकमेकांत मिसळून गढूळ होतात. येथे सूचनेचा हेतू राखण्यासाठी तिचे शब्द सोडावे लागतात.

एकोणिसाव्या शतकात फ्रांट्‌स लिस्टने (१८११–८६) बी मायनर सोनाटात (१८५३) सर्व विभाग एकाच अखंड रचनेत सामावले. १८५७ मध्ये हान्स फोन ब्यूलोने बर्लिन येथे तिचे पहिले जाहीर वादन केले. विसाव्या शतकात षड्जाचे बंधनच सैलावल्यावर ‘सोनाटा’ हे नाव पुष्कळदा केवळ गंभीर वाद्यरचनेचे द्योतक उरले. अभिजात सोनाटांचे वादन मात्र आजही त्या जुन्या प्रवासाची कसोटी असते. स्वरलेखनातील प्रत्येक खूण आंधळेपणाने पाळणे किंवा सोयीसाठी ती गाळणे, या दोन्हींपेक्षा त्या विशिष्ट रचनेत ती कोणते कार्य करते हे ओळखणे, यातच वादकाची रसिकता व जबाबदारी दिसून येते.