मुक्त हात, बद्ध वाणी

मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत पहिले बालगृह उघडले व त्यावरील त्यांचा इटालियन ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला. बटणे व नाड्या लावलेल्या चौकटींवर बोटे सरावली की मूल आपला सदरा आपणच घालू लागते. त्यातील स्वावलंबनाचा हा विचार निर्विवाद होय. मराठीत ‘घालून देणे’ आणि ‘घालणे’ यांत जे अंतर आहे, तेच येथे ओलांडावयाचे असते. (आपल्या घरांतून पहिलेच रूप अधिक ऐकू येते, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.)

भाषेचा पाठ मात्र निराळा आहे. सेगँ यांच्याकडून घेतलेल्या त्रिपदी पाठात शिक्षिका रंग दाखवून प्रथम ‘हे तांबडे’ म्हणते. मग ‘तांबडे दे’. अखेरीस ‘हे कोणते?’ मूल चुकले तर त्यास चूक न जाणवू देता पाठ थांबवावा, ही सूचना खचितच उदार आहे. तथापि प्रश्न करण्याचा अधिकार तिन्ही पायऱ्यांवर शिक्षिकेकडेच राहतो. दोन-अडीच वर्षांचे मूल ‘हे काय?’ असे विचारून दिवसभर घर डोक्यावर घेते. त्याच्या त्या प्रश्नास या पाठात जागा नाही.