धीयंत्र आणि गायझरची उंची

भास्कराचार्यांनी 1150 मध्ये रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या यंत्राध्यायात धीयंत्राचे वर्णन आहे. हातातील काठीच्या रोखाने दूरच्या वेळूचे मूळ व अग्र पाहावे आणि जवळ न जाता त्याचे अंतर व उंची काढावी. मूळ दिसत नसेल, तर दोन ठिकाणांहून केवळ अग्र पाहावे. या प्रकरणाची आपल्याकडे स्तुती पुष्कळ होते, परीक्षा क्वचितच. ती गायझरवर करून पाहावी, कारण तेथे जवळ जाणे खरोखरीच जिवावर बेतते. 1900 ते 1904 या काळात उसळणाऱ्या न्यूझीलंडमधील वाइमांगूने 1903 मध्ये चार प्रेक्षकांचा बळी घेतला.

समजा, फवारा डोळ्याच्या पातळीपासून 40 मीटर उंच आहे. पहिले स्थान 200 मीटरांवर, दुसरे त्याच रेषेत 20 मीटर मागे. उन्नतांश अनुक्रमे 11.3 व 10.3 अंश येतात. म्हणजे सारी भिस्त एका अंशाच्या अंतरावर. जवळचा कोन पाव अंशाने कमी वाचला, की उत्तर 52 मीटर येते! अंतर आधीच मोजलेले असेल, तर एकाच स्थानावरून तीच चूक मीटरभरही भरत नाही. सूत्र निर्दोष आहे. तोकडा आहे तो पाया.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. वेळू उभा राहतो, फवारा राहत नाही. यलोस्टोनमधील ओल्ड फेथफुलचा उद्रेक दीड ते पाच मिनिटे टिकतो आणि त्याचे शिखर त्याहूनही क्षणिक असते. एकटा निरीक्षक दुसऱ्या स्थानी पोहोचेपर्यंत मोजावयाची वस्तूच उरत नाही; तेथे दोघांनी एकाच क्षणी पाहिले पाहिजे. शिवाय पाण्याचा शेंडा मोजावयाचा की वाफेचा, हे आधी ठरवावे लागते. वाऱ्याने आपल्याकडे झुकलेला फवारा आहे त्याहून उंच भासतो, म्हणून वारा आडवा वाहत असेल अशीच जागा निवडावी.

यात आचार्यांचा दोष नाही. बुद्धी हेच श्रेष्ठ यंत्र, असे त्यांचे म्हणणे. काठीलाच यंत्र समजले ते वाचकांनी.

परभणी जिल्ह्यात गायझर नाही. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील उनकेश्वरचे ऊन पाणीही कुंडातच राहते, उसळत नाही. परंतु जिंतूरकडील डोंगर वगळता येथील काळ्या जमिनीची शिवारे बहुतांशी सपाट असल्याने लांब पाया आखणे सोपे आहे. विद्यार्थ्यांनी ज्ञात उंचीचा एखादा जलकुंभ घेऊन प्रथम 20 व मग 100 मीटरांच्या पायावर हे गणित करून पाहावे. वरील उदाहरणात पाया 100 मीटरांचा केला, तर तीच पाव अंशाची चूक 52 ऐवजी 42 मीटर दाखविते.