चिखल कुठे आहे?

नवी मुंबईत ऑफिसला जाताना रोज भिंतींवरचे फ्लेमिंगो दिसतात. चित्रं देखणी आहेत, हे आधीच मान्य करतो. राखाडी सिमेंटमध्ये अचानक गुलाबी रंग दिसला की बरं वाटतं. आपल्या शेजारी कोण राहतं, हे तरी शहराला कळतं.

पण एकदा थांबून नीट बघा. यातले बहुतेक पक्षी निळ्याशार पाण्यात माना उंचावून ऐटीत उभे आहेत. खऱ्या ठाणे खाडीत ते बराच वेळ मान खाली घालून, चोच उलटी धरून गढूळ पाणी गाळत असतात. त्यांचा गुलाबी रंग येतो तो त्यातल्याच शेवाळातून आणि बारीक जीवांतून. चित्रकाराने रंग घेतला, रंगाचं कारण मात्र गाळलं.

याचा परिणाम भिंतीपुरता राहत नाही. खाडीतलं अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये ते रामसर यादीत आलं. पण भरतीच्या वेळी हे पक्षी नेरुळ-सीवूड्सच्या ज्या पाणथळ जागांवर येतात, त्या अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. चित्रात चिखल कधी दिसलाच नाही, तर त्या जागा आपल्याला रिकामे प्लॉटच वाटणार.

पुढच्या भिंतीवर दोन पक्षी कमी काढले तरी चालतील. चिखल मात्र हवा.