वाळवंटातल्या विजेला कोणत्या नावानं हाक मारायची?

चार महिने चाललेल्या कथानकाचा शेवट जवळ आला होता. टेबलावर वाळवंटाचा नकाशा पसरलेला होता आणि फासे हातात होते. मी ड्रॅगनचं नाव घेतलं, तर समोरच्या पाचांपैकी एकानं विचारलं, "म्हणजे तो निळा ना?" चार महिन्यांत ते नाव मी निदान वीस वेळा घेतलं असेल, पण एकाच्याही डोक्यात ते राहिलं नव्हतं. दोष त्यांचा नव्हता. ते नाव मी इंटरनेटवरच्या नावं पाडणाऱ्या यंत्रातून उचललं होतं. सुरुवातीला एक 'झ', शेवटी एक 'क्स' आणि मध्ये कुठल्याही उच्चाराशी संबंध नसलेला, वर टांगलेला एक स्वल्पविराम. असं नाव कागदावर भारी दिसतं. टेबलावर ते कुणाच्या तोंडी बसत नाही, आणि हा खेळ तर सगळा तोंडीच चालतो.

वीज ओकणाऱ्या ड्रॅगनच्या नामकरणाची आजची अवस्था साधारण अशीच आहे. एवढं समृद्ध पात्र हाताशी असूनही त्याला मिळणारी नावं इतकी पोकळ का, हे मला बरेच दिवस छळतं आहे.

हा खेळ न खेळलेल्या वाचकासाठी थोडं सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ साली अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला आणि रोलप्लेइंग खेळांचं सगळं घराणं तिथून वाढलं. त्यांच्या ड्रॅगनांमध्ये रंगावरून स्वभाव ठरतो. लाल आग ओकतो, पांढरा हिम, काळा आम्ल, हिरवा विषारी वायू आणि निळा वीज. निळ्याचं घर वाळवंटात. लालची आग पंख्यासारखी पसरते, निळ्याची वीज मात्र सरळ रेषेत जाते. २०१४च्या आवृत्तीत सर्वांत वृद्ध निळ्या ड्रॅगनच्या विजेचा पट्टा १२० फूट लांब आणि १० फूट रुंद आहे. तो वाळू पोखरून आत राहतो आणि आपल्या विजेनं भुयारांच्या भिंती वितळवून काचेसारख्या करतो. ही कल्पना हवेतून आलेली नाही. खरी वीज वाळूत शिरली की वाळू वितळते आणि काचेच्या वेड्यावाकड्या पोकळ नळ्या तयार होतात. वाळवंटात त्या आजही सापडतात. तिसऱ्या आवृत्तीच्या लेखकांनी तर आणखी जवळ जाऊन पाहिलं: निळ्याच्या अंगाला ओझोनचा वास येतो, त्याची कातडी स्थिर विजेनं बारीक तडतडत असते आणि तो चिडला की ती तडतड वाढते.

काचेच्या भिंती, ओझोनचा वास, तडतडणारी कातडी. नाव ठेवणाऱ्याला याहून जास्त काय हवं?

पण सुरुवातच लेबलापासून झाली. १९७७च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये गायगॅक्सनं प्रत्येक ड्रॅगनला जीवशास्त्राच्या थाटाचं लॅटिन नाव दिलं. निळ्याच्या वाट्याला 'ड्रॅको इलेक्ट्रिकस' आलं. ते ऐकायला रुबाबदार आहे आणि त्यात एक गंमतही दडली आहे. 'इलेक्ट्रिकस' हा शब्द विल्यम गिल्बर्टनं १६०० साली रूढ केला, अंबर घासल्यावर ते हलक्या वस्तू ओढून घेतं त्यावरून. म्हणजे तडतडणाऱ्या कातडीचं मूळ त्या लॅटिन नावात नकळत बसलेलंच होतं. पण ते जातीचं नाव झालं. एखाद्या विशिष्ट ड्रॅगनला त्या नावानं हाक मारता येत नाही.

व्यक्तीचं नाव कसं असावं हे आधी कादंबऱ्यांनी दाखवलं. मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांच्या 'ड्रॅगनलान्स' मालिकेत किटियारा नावाची सेनानी निळ्या ड्रॅगनवर बसून लढते. ती त्याला 'स्काय' म्हणते. त्याचं खरं नाव मात्र 'खेलेंड्रॉस', आणि पुढे तो 'क्रिनवरचं वादळ' (क्रिन म्हणजे त्या मालिकेतलं जग) या बिरुदानं ओळखला जातो. मला हे या सगळ्या क्षेत्रातलं सर्वांत सुंदर नामकरण वाटतं, कारण दोन्ही नावांना काम आहे. 'स्काय' हे माणसाच्या जिभेचं, जवळिकीचं, एका श्वासात हाक मारता येईल असं नाव. 'खेलेंड्रॉस' म्हणजे माणूस मेल्यावरही उरणाऱ्या प्राण्याचं. किटियारानं जेव्हा जेव्हा 'स्काय' म्हटलं, तेव्हा तिच्यापुरता तो प्राणी थोडा लहान झाला. आपल्याकडे पाळण्यातलं नाव आणि घरात हाक मारायचं नाव वेगळं असतं. तसंच हे आहे, आणि म्हणूनच ते मराठी वाचकाला लगेच पटतं.

अलीकडच्या खेळांत चांगलं उदाहरण एकच ठळकपणे डोळ्यांपुढे येतं. २०१६च्या 'स्टॉर्म किंग्ज थंडर' या कथानकात 'इम्रिथ' नावाची प्राचीन निळी ड्रॅगन अनॉरोक वाळवंटात राहते. तिला दोन बिरुदं आहेत: एक 'वाळवंटाचा काळ' आणि दुसरं 'पुतळ्यांची ड्रॅगन'. पहिलं बिरुद कुणालाही चिकटवता येईल. दुसरं फक्त तिचंच. ते ऐकल्याबरोबर मनात प्रश्न उभा राहतो: पुतळे कसले? ऐकणाऱ्याला असा प्रश्न पडला म्हणजे नावानं आपलं अर्धं काम केलं. याउलट २०१४च्या 'होर्ड ऑफ द ड्रॅगन क्वीन'मध्ये ग्रीनेस्ट गावावर तुटून पडणाऱ्या निळ्याचं नाव आहे 'लेनिथॉन'. ल, न, थ. एकही वर्ण कडाडत नाही. कथेतही तो फारशा मनानं लढत नाही, थोडा मार बसला की निघून जातो. लेखकांनी हे जाणून केलं असेल तर ते मुरलेलं काम आहे, पण खेळताना ते नाव नुसतं ऐकू येतं आणि विरून जातं.

संगणकावरच्या खेळांनी दुसरी वाट धरली, व्याकरणाची. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये निळ्या कुळातली बरीच नावं 'गॉस'नं संपतात: मॅलिगॉस, अझूरगॉस. ते ड्रॅगन जादूचे आणि बर्फाचे आहेत, विजेचे नव्हेत. पण शेवटचा एक अक्षरगट ऐकूनच कूळ कळतं, ही सोय मोठी आहे. २०११च्या 'स्कायरिम'नं त्यापुढे पाऊल टाकलं. तिथल्या ड्रॅगनचं नाव म्हणजे त्यांच्याच भाषेतले तीन शब्द. 'ओदाविंग' म्हणजे हिम, शिकारी, पंख. ते नाव खेळाडूनं ओरडून उच्चारलं की ड्रॅगन खरोखर येतो. त्याआधी कितीतरी वर्षं, १९६४ साली, उर्सुला ले ग्विन यांनी एका कथेत खरं नाव आणि सत्ता यांचं नातं ड्रॅगनच्या निमित्तानंच मांडलं होतं. या सगळ्यांनी जे जपलं तेच आजची यंत्रं विसरली आहेत. 'झ', 'क्स' आणि 'थ्र' एकमेकांना जोडून आवाज निघतो, पण त्या आवाजामागे कुणी उभं नसतं.

ड्रॅगन वाळवंटातला म्हणून नावाला 'अल' जोडायचं आणि अरबी छाप आणायची, ही खोड त्याहून वाईट. वाळवंटातल्या भाषांनी विजेला खरंच काय म्हटलं हे पाहण्याचे कष्ट कुणी घेत नाही. अरबीत 'बर्क' म्हणजे वीज. त्याच सेमिटिक मुळातून कार्थेजच्या हमिल्कारचं 'बार्का' हे उपनाव आलं. हॅनिबल त्याचाच मुलगा. ऑटोमन सुलतान पहिला बायझीद (१३८९ ते १४०२) याला 'यिल्दिरिम' म्हणत, म्हणजे वज्राघात. त्याला ते नाव सैन्य हलवण्याच्या वेगामुळे मिळालं. गडगडाटाशी त्याचा संबंध नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. माणसांना विजेचं नाव कमवावं लागलं, आणि ते कशामुळे मिळालं हे लोकांना ठाऊक होतं. ड्रॅगनला मात्र ते जन्मतःच फुकट मिळतं.

माझ्या मते या प्राण्याचं खरं बळ आणखी खोल आहे. जुन्या कथांमध्ये वीज बहुधा सर्पाच्या हाती नसते, त्याच्या शत्रूच्या हाती असते. इंद्र वज्रानं वृत्राला मारतो, नॉर्स कथांमधला देव थोर जगाला वेढणाऱ्या सर्पावर हातोडा उगारतो, बॅबिलोनचा मर्दुक वादळवारे आणि वीज घेऊन तिआमातवर चालून जातो. याच तिआमातला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'नं दुष्ट ड्रॅगनांची पंचमुखी राणी केलं. तिचं एक मुख निळं आहे. वृत्र हे नाव 'वृ' धातूवरून आलं. वृत्र म्हणजे झाकणारा, अडवणारा. त्यानं पाणी अडवलं होतं. आता निळ्या ड्रॅगनकडे पाहा. तो कोरड्या भूमीत राहतो आणि देवाचं शस्त्र त्याच्या घशात आहे. वृत्रानं वज्र हिसकावून घेतलं असतं तर जे झालं असतं, ते हा प्राणी आहे. या विचारातून निघालेलं एकही प्रसिद्ध नाव माझ्या पाहण्यात नाही, आणि याची मला खंत वाटते.

मराठीतून हा खेळ खेळताना अडचणी वेगळ्या येतात. 'वाळवंट' म्हटलं की आपल्या मनात आधी चंद्रभागेचं वाळवंट येतं, टाळ-मृदंग आणि नाचणारे वारकरी येतात. त्या शब्दाची भीती वाटत नाही. 'मरु' मात्र चालतो, त्यात मरणाची सावली आहे. विजेचे संस्कृत शब्द पुष्कळ आहेत, पण सौदामिनी, चपला, क्षणप्रभा ही सगळी नाजूक नावं. त्यांतलं एक तर आपण मुलीलाही ठेवतो. जिवंत ताकद आपल्या क्रियापदांत आहे. वीज लवते, कडाडते, कोसळते, पडते. 'लवते'मध्ये शांत, दूरची चमक आहे. 'कडाडते'मध्ये 'ड' दोनदा आपटतो. म्हातारा ड्रॅगन लवणारा असावा आणि तरुण कडाडणारा, एवढं जरी ठरवलं तरी नावं आपोआप वेगळी होतात.

नव्या कथानकासाठी नाव शोधता शोधता मला 'इरंमद' सापडलं. जुना शब्द, अर्थ ढगातल्या विजेचा अग्नी. फोड केली तर 'इरा' म्हणजे पाणी किंवा पेय, आणि ते पिऊन मातणारा. पाणी पिऊन वाळवंट करणारा आणि वीज ओकणारा, हे सगळं चार अक्षरांत बसतं.

तरीही कथानकातल्या गावच्या लोकांना मी ते नाव तोंडी घेऊ दिलं नाही. आपल्या खेड्यांत रात्री सापाचं नाव घेत नाहीत. 'जनावर' म्हणतात, 'लांबडं' म्हणतात. साप चावला तर 'पान लागलं' म्हणतात. ज्याची खरी भीती असते त्याचं नाव आडूनच घेतलं जातं. म्हणून नव्या कथानकातल्या विहिरीवरच्या बायका त्याला फक्त 'तहानलेला' म्हणतात. दक्षिणेच्या टेकड्यांमागे कोरडं गडगडलं की त्या घागरी पालथ्या घालतात आणि घरात जातात. 'इरंमद' हे नाव खेळाडूंना सातव्या बैठकीत एका काचेच्या भिंतीवर कोरलेलं सापडलं. त्यांच्यातल्या एकानं ते मोठ्यानं वाचलं, आणि बाकीच्या चौघांनी त्याला गप्प केलं.

खेळ चालवणाऱ्यांनी यंत्राचं बटण दाबण्याआधी एवढंच करावं. ड्रॅगनच्या सावलीत राहणारी माणसं त्याला काय म्हणतात हे आधी ठरवावं, आणि खरं नाव त्यानंतर शोधावं.